लिंबा-बाभळींत मिसळणारा रंगमंच : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर परिसरात झाडी न मोडता तिच्या आतच खुला किंवा अर्धखुला रंगमंच उभारण्याची कल्पना घेऊन नाट्यमंडळी, महाविद्यालयांतील शिक्षक आणि शेतमालक माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेक तेच प्रश्न पुन्हा विचारले जातात. वास्तुरचनेचे काम करताना आणि संध्याकाळी तालमींना बसताना जी उत्तरे मला पटत गेली, ती येथे एकत्र लिहिली आहेत.

शहरात हुतात्मा स्मृती मंदिरासारखे नाट्यगृह असताना झाडीतला रंगमंच कशासाठी हवा?

बंदिस्त नाट्यगृहाची जागा झाडीतला रंगमंच घेऊ शकत नाही आणि त्याने ती घेऊही नये. तीन भिंतींचा दिवाणखाना दाखवणारे नाटक, बारकाईची प्रकाशयोजना आणि भर पावसातला प्रयोग यांसाठी छप्पर आणि भिंती लागतातच. मात्र आपल्याकडच्या कितीतरी कला मुळात उघड्यावर वाढल्या आहेत. शाहीर रामजोशी याच सोलापूरचे, शाहीर अमर शेख बार्शीचे, आणि मोडनिंबची लावणी आजही महाराष्ट्राला ठाऊक आहे. पोवाडा, भारूड, गोंधळ, लावणी, एकांकिका आणि वाद्यांची छोटी बैठक या सर्वांना प्रेक्षक तीन बाजूंनी आणि अगदी जवळ हवा असतो. अशा कार्यक्रमांसाठी दीडशे ते चारशे माणसे बसतील अशी जागा शहराच्या आसपास असावी, एवढीच ही मागणी आहे.

सोलापुरात जंगल आहे कुठे? मग ‘झाडीत मिसळणे’ म्हणजे काय?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो सहसा सर्वांत शेवटी विचारला जातो. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला आहे. येथील नैसर्गिक निसर्ग म्हणजे गवताळ माळ आणि त्यात विखुरलेली काटेरी झाडी : बाभूळ, हिवर, बोर, खैर, आणि बांधावर किंवा वस्तीजवळ लिंब, चिंच, वड. कोकणातल्या किंवा कर्नाटकातील पावसाळी डोंगराळ मलनाडातल्या रंगमंचाची छायाचित्रे पाहून कोणी हिरव्या भिंती, वेली आणि उतरत्या कौलांची मागणी केली, तर ती वास्तू त्या छायाचित्रात मिसळेल, येथील झाडीत मिसळणार नाही. मे महिन्यात आपल्याकडे लिंब हिरवागार असतो, पण पायाखालची जमीन तांबूस-करडी, गवत पिवळे आणि दगड काळा असतो. वास्तूने त्या जमिनीचा रंग घ्यावा. तिची उंची लिंबाच्या खालच्या फांद्यांच्या खाली राहावी आणि दुरून पाहणाऱ्याला आधी झाडे दिसावीत, त्यानंतर बऱ्याच वेळाने भिंत दिसावी. मिसळणे याचा मी हाच अर्थ घेतो.

उघड्या माळावर झाडे लावून मग तेथे रंगमंच बांधता येईल का?

कृपया असे करू नये. माळ म्हणजे ओसाड पडलेली, कामाला लावण्याजोगी जमीन ही समजूत चुकीची आहे. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये स्थापन झाले ते गवताळ माळासाठीच, कारण माळढोकाला मोकळे, दूरवर दिसणारे गवत लागते आणि दाट लागवड त्याला परकी असते. धाविक, चंडोल, लांडगा आणि काळवीट हेही माळावरच जगतात. म्हणून रंगमंचासाठी अगोदरच झाडी असलेली जागा शोधावी : जुने चिंचबन, विहिरीभोवतीची लिंबाची रांग, महाविद्यालयाच्या आवारातील तीस-चाळीस वर्षांची लागवड, किंवा ओढ्याकाठची बाभूळबनी.

यांहूनही एक चांगला पर्याय अनेकांच्या लक्षात येत नाही, तो म्हणजे पडीक मुरमाची किंवा दगडाची खाण. तिच्या कडेला बाभळी आणि बोरी आपोआप उगवलेल्या असतात, मध्ये खोलगट भाग आयता मिळतो, त्यामुळे प्रेक्षकांच्या पायऱ्या उतरत्या करण्यासाठी एकही झाड तोडावे लागत नाही आणि भरावही आणावा लागत नाही. मात्र पावसाचे पाणी तेथेच साचते, म्हणून पाण्याला बाहेरची वाट आहे की नाही हे एका पावसाळ्यात प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय अशी जागा पक्की करू नये. कडे सुटलेले असतील तर आधी ते सुरक्षित करणेही आवश्यक आहे.

आराखड्याची सुरुवात कोठून करावी?

झाडांच्या मोजणीपासून करावी, रंगमंचाच्या रेखाटनापासून नव्हे. प्रत्येक झाडाची जात, छातीच्या उंचीवरची जाडी, फांद्यांचा विस्तार आणि प्रकृती नकाशावर नोंदवावी. बुंध्याच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचे वर्तुळ प्रत्येक झाडाभोवती काढावे आणि त्यात खोदकाम करू नये, असा वृक्षतज्ज्ञांमध्ये रूढ असलेला एक नियम आहे. अर्धा मीटर व्यासाच्या लिंबाभोवती हे वर्तुळ सहा मीटर त्रिज्येचे होते. अशी सर्व वर्तुळे काढून झाली की नकाशावर जे मोकळे आकार उरतात, त्यांतच रंगमंच, प्रेक्षागार आणि रंगपटाची, म्हणजे नटांच्या तयारीची, खोली बसवावी. आकार वेडावाकडा आला तरी चालेल. मला तर असा आकार सममित आराखड्याहून नेहमीच अधिक जिवंत वाटत आला आहे.

मुळे खोल जातात, वरवर काही केले तरी त्यांना कळत नाही, ही समजूतही दूर करायला हवी. अन्न-पाणी घेणारी बारीक मुळे बहुतेक वरच्या हातभर मातीतच असतात. त्यांवर वीतभर भराव टाकला तरी त्यांची हवा कोंडते, आणि मालवाहू गाडी चारदा गेली तरी माती दबते. झाड मात्र लगेच वाळत नाही. ते दोन-चार वर्षांनी शेंड्याकडून वाळू लागते, तेव्हा त्याचे कारण कोणालाच आठवत नाही. म्हणून जेसीबी आवारात येण्यापूर्वी प्रत्येक वर्तुळाभोवती बल्ल्यांचे कुंपण उभे राहिलेच पाहिजे.

ध्वनिक्षेपकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचेल का?

पोहोचेल, पण तीन गोष्टी जमल्या तर : अंतर, शांतता आणि पाठीमागची भिंत.

उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. नटाचा खणखणीत आवाज एक मीटरवर ७२ डेसिबल धरला, तर सोळा मीटरवर तो ४८ च्या आसपास येतो. शब्द नीट कळायचा तर तो भोवतालच्या आवाजापेक्षा दहा-पंधरा डेसिबलने वर असावा लागतो. रात्री शांत बागेत भोवतालचा आवाज ३५ डेसिबलपर्यंत असेल तर हे गणित जमते. जवळून महामार्ग जात असेल आणि तेथे ५० डेसिबल मिळत असतील, तर वास्तुरचनाकाराने कितीही कौशल्य दाखवले तरी संवाद ऐकू येणार नाहीत. म्हणून जागा घेण्याआधी कमीत कमी चार संध्याकाळी तेथे बसून आवाज मोजावा. यंत्रमागाची खडखड, रेल्वेमार्ग, ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवरची गाणी आणि पाण्याचे पंप यांचे वेळापत्रक वेगवेगळे असते आणि एका भेटीत ते कळत नाही.

सोळा मीटर हे अंतर मी उगाच घेतलेले नाही. चारशे माणसे अर्धवर्तुळात, झाडांसाठी जागा सोडत बसवली तर शेवटची रांग साधारण तेथेच येते. भरताच्या नाट्यशास्त्रातही मनुष्यांसाठी मध्यम आकाराचा, ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद नाट्यमंडप योग्य ठरवला आहे आणि त्याहून मोठ्या मंडपात उच्चार व चेहऱ्यावरचे भाव हरवतात असे कारण दिले आहे. दीड फुटाचा हात धरला आणि निम्मी लांबी प्रेक्षकांना दिली, तर हे अंतर ४८ फूट, म्हणजे पंधरा मीटरच्या आत येते. मंडप पर्वतगुहेसारखा आणि वारा न शिरणारा असावा, म्हणजे आवाज गंभीर होतो, असेही तेथे सांगितले आहे. झाडीतल्या रंगमंचाला गुहा मिळत नाही, म्हणून निदान पाठीमागे दगडाची एक भिंत आणि नटाच्या पुढे फरसबंद जमीन तरी द्यावी. या दोन्ही पृष्ठभागांवरून परतणारा आवाज मूळ आवाजाच्या मागोमाग, सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत कानावर येतो, त्यामुळे तो वेगळा ऐकू येत नाही, फक्त मूळ आवाजाला बळ देतो. भिंत आतल्या बाजूने सलग वक्र मात्र करू नये, कारण वक्र भिंत सर्व आवाज एकाच जागी गोळा करते आणि बाकीचे प्रेक्षक कोरडे राहतात. थोडी नागमोडी, ओबडधोबड दगडी भिंत अधिक चांगले काम करते.

झाडांची निवडही येथे कामाची ठरते. पिंपळाचे पान लांब देठावर टांगलेले असल्यामुळे झुळूक आली तरी सळसळते. रंगमंचाशेजारी मोठा पिंपळ असेल तर हळुवार प्रसंग त्याच्या स्वाधीन होतात. चिंचेची बारीक पाने त्या मानाने शांत असतात.

झाडे आवाज अडवतात ना? मग शेजारच्या वस्तीला त्रास का होईल?

झाडे आवाज विखुरतात, पण फारसा अडवत नाहीत. दाट झाडीचा तीस मीटरचा पट्टासुद्धा आवाजात काही डेसिबलचाच फरक करतो, आणि आपली विरळ बाभूळबनी तर त्याहूनही कमी. त्यातच हिवाळ्यातील निरभ्र रात्री जमीन लवकर थंड होते, वरची हवा तुलनेने उबदार राहते आणि वर जाणारा आवाज पुन्हा खाली वळतो. थंडीत दोन शेतांपलीकडच्या वस्तीवरचे भजन अंगणात चालल्यासारखे ऐकू येते ते यामुळेच. दुपारी नेमके उलटे घडते : तापलेल्या जमिनीवरून आवाज वर उचलला जातो, म्हणून उघड्यावरचा दुपारचा प्रयोग मागच्या रांगांना फिका वाटतो.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वापरता येत नाही, आणि बंदिस्त सभागृहाला असलेली मुभा येथे लागू होत नाही. वर्षातील ठरावीक दिवशी शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, पण तिच्या भरवशावर वर्षाचे नियोजन करू नये. साडेसहाला पडदा उघडावा आणि नऊच्या आत प्रेक्षक घरी निघावेत. पाखरांनाही ते सोसते.

रंगमंचाचे तोंड कोणत्या दिशेला असावे?

आपला खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आहे. या काळात सूर्य नैर्ऋत्येकडे मावळतो आणि वारा बहुधा पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून असतो. रंगमंच उत्तर टोकाला ठेवून प्रेक्षक उत्तराभिमुख बसवले, तर मावळता सूर्य कोणाच्याही थेट डोळ्यांत येत नाही आणि वाराही आवाजाला विरोध करत नाही. पश्चिमेची झाडे राखली तर नटाच्या उजव्या गालावरचे ऊनही सौम्य होते.

काळ्या मातीत पाया कसा घ्यावा?

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देऊन आकसते. त्यातच मोठे झाड आपल्या भोवतीचा ओलावा शोषून घेते, म्हणून झाडाजवळची माती इतर मातीपेक्षा अधिक आकसते आणि सलग जोत्याची भिंत मधोमध तडकते. मुरूम मीटरभर खोलीवर लागत असेल आणि ती जागा मुळांच्या वर्तुळाबाहेर असेल, तर नेहमीप्रमाणे मुरमापर्यंत जावे. माती खोल असेल तेथे तळाशी फुगीर केलेले काँक्रीटचे खांब, ज्यांना आपले ठेकेदार ‘अंडर-रीम पाइल’ म्हणतात, ते घ्यावेत. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा मातीसाठी ही पद्धत विकसित करून देशभर रुजवली. येथे तिचा दुसरा लाभ असा की सलग चर खणावा लागत नाही. मोजक्या ठिकाणी छिद्रे घेऊन त्यांवर तुळई टाकता येते, आणि खांबाच्या जागी जाड मूळ लागले तर खांब हातभर सरकवता येतो. तुळईखाली थोडी पोकळी ठेवावी, म्हणजे फुगणारी माती तिला वर रेटत नाही.

बांधकामाचे साहित्य कोणते वापरावे?

काळा दगड, मुरूम आणि शहाबादी फरशी, या क्रमाने. तिन्ही आसपास मिळतात आणि कारागिरांच्या हातातले आहेत. छपरासाठी मी माळवदाचा आग्रह धरतो. लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर असलेली माळवदाची घरे आपल्या आजोबांच्या पिढीने उन्हाळा सोसण्यासाठीच बांधली. सपाट असल्यामुळे ते छप्पर झाडांच्या रेषेवर डोके काढत नाही. आज त्याच कल्पनेने जलरोधक स्लॅबवर निचऱ्याचा थर आणि वीतभर माती घालून कुसळी, पवन्या यांसारखे स्थानिक गवत वाढू देता येते. रंगपट आणि वाद्यांची खोली अशा छपराखाली राहिली की वरून आणि दुरून ती जमिनीचाच भाग दिसते. फक्त भिजलेली माती जड असते : पंधरा सेंटिमीटरचा थर चौरस मीटरला जवळजवळ तीनशे किलो भरतो, आणि अभियंत्याच्या हिशेबात हे वजन पहिल्या दिवसापासून धरलेले असावे.

उघडे लाकूड वाळवीमुळे जमिनीला टेकू देऊ नये. बैठकीवर अंथरायला सोलापुरी चादरी आहेतच. जाड विणीच्या कापडाचे पडदे रंगपटाच्या आतल्या भिंतींना लावले, तर तेथील कुजबूज बाहेर येत नाही.

पावसाळ्यात काय करायचे?

विश्रांती घ्यायची. सप्टेंबर हा आपल्याकडे सर्वाधिक पावसाचा महिना असतो आणि त्यानंतरही काही आठवडे रातकिडे कोणाला बोलू देत नाहीत. या चार महिन्यांत छपरावरचे पाणी समतल चरांमधून झाडांकडे वळवावे, मात्र बुंध्याशी तुंबू देऊ नये.

दिवे कसे असावेत?

कमी, खालच्या दिशेचे आणि पिवळसर. पांढऱ्या-निळसर उजेडावर किडे अधिक झेपावतात आणि रंगमंचावरच्या माणसाच्या तोंडात जातात, हे ज्याने अनुभवले आहे त्याला वेगळे पटवावे लागत नाही. वाटेवरचे दिवे गुडघ्याच्या उंचीवर असावेत आणि झाडांवर खालून प्रकाशझोत टाकण्याची पद्धत पूर्णपणे टाळावी, कारण त्यामुळे घुबडे, वटवाघळे आणि रातथाऱ्याचे पक्षी त्या झाडावरून उठतात. खांब रोवण्याऐवजी फांदीला दिवे बांधण्याचा मोह होतो. बांधायचेच असतील तर रुंद पट्ट्याने आणि हंगामापुरते बांधावेत, खिळा ठोकू नये.

आगीचा धोका किती?

फार मोठा, आणि नेमका आपल्या हंगामाच्या अखेरीला. फेब्रुवारीपासून गवत कोरडे ठणठणीत होते. अमेरिकेत व्हर्जिनियातील ‘वुल्फ ट्रॅप’ या झाडीतल्या मोठ्या लाकडी रंगमंचाची वास्तू १९८२ मध्ये जळाली आणि १९८४ मध्ये ती पुन्हा उभी राहिली. वनविभागाप्रमाणे आवाराभोवती जाळरेषा काढावी, म्हणजे काही मीटर रुंदीचा पट्टा गवतविरहित ठेवावा. पाण्याचा टँकर रंगमंचापर्यंत येईल अशी एक वाट आणि प्रेक्षकांना बाहेर पडण्यासाठी तिच्याहून वेगळ्या, विरुद्ध बाजूंच्या किमान दोन वाटा असाव्यात. वारा ज्या बाजूला वाहत जातो त्या बाजूला, मोकळ्या फरशीवर जनित्र ठेवावे.

आगीशी जोडलेली आणखी एक गोष्ट : उंच झाडांवर आग्या मोहोळ आहे का, हे प्रत्येक प्रयोगाआधी पाहावे. धूर, फटाके आणि झाडाखालचा प्रखर दिवा यांनी मधमाश्या उठतात. मोहोळ असेल तर प्रयोगाची जागा किंवा तारीख बदलावी. ते जाळू नये.

गाड्या, वाटा आणि स्वच्छतागृहे यांचे काय?

गाड्या झाडीबाहेर, रस्त्याच्या कडेलाच थांबाव्यात. तेथून तीन-चारशे मीटर चालत येण्यात श्रोत्याचे कान शहरातून बाहेर येतात, म्हणून ही वाट मी रंगमंचाचाच भाग मानतो. चाकांची खुर्ची वापरणाऱ्यांसाठी, वृद्धांसाठी आणि वाद्यांसाठी मात्र एक लहान वाहन आतपर्यंत यावे. वाटेचा चढ बारा फुटांना एक फूट याहून तीव्र नसावा आणि चाकांच्या खुर्चीची जागा पहिल्या रांगेत एकाकी न ठेवता इतर प्रेक्षकांच्या मधोमध असावी. वाट मुरमाची, दाबलेली आणि दोन्ही बाजूंनी गवत कापलेली असावी, कारण या झाडीत घोणस आणि फुरसे दोन्ही आढळतात. स्त्रियांसाठी पुरुषांच्या दुप्पट स्वच्छतागृहे धरावीत. येथे काटकसर केली की मध्यंतर कधी संपतच नाही.

कोणत्या परवानग्या लागतात?

जमीन वनविभागाची असेल तर वनेतर कामासाठी १९८० च्या वनसंरक्षण कायद्यानुसार केंद्राची पूर्वमान्यता लागते. माझ्या मते अशा जमिनीचा विचारच करू नये. विजापूर रस्त्यावरच्या सिद्धेश्वर वनविहारासारखी जागा शहराला झाडांसाठीच हवी आहे. खासगी जमिनीवर बांधकाम परवाना, अग्निसुरक्षेचा ना-हरकत दाखला आणि, एखादे झाड काढावेच लागले तर, शहरी हद्दीत १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखालील परवानगी घ्यावी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षे आणि त्याहून अधिक वयाची झाडे ‘वारसा वृक्ष’ मानली जातात.

पाहून यावे असे रंगमंच कोणते?

कर्नाटकात हेग्गोडू या खेड्यातले नीनासम हे नाट्यकेंद्र, जे के. व्ही. सुब्बण्णा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये सुरू केले, ते खेड्यातले नाटक कसे टिकते हे पाहण्यासाठी. बंगळुरूजवळचे नृत्यग्राम हे नृत्यशिक्षणाचे गाव स्थानिक दगड-मातीच्या कामासाठी. बर्लिनची १९३६ ची ‘वाल्डब्यूने’ म्हणजे जंगलातल्या दरीत वीस हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात अशी जागा. तिची बैठक भव्य आहे, पण एवढ्या अंतरावर ध्वनिक्षेपकाशिवाय काहीच शक्य नाही. पोलंडमधील सोपोत येथे १९०९ पासून वनातले ऑपेरागृह चालू आहे. यांपैकी एकाचीही नक्कल सोलापुरात शोभणार नाही. हेग्गोडूचा पाऊस आपल्याकडे नाही आणि बर्लिनची थंडीही नाही.

पहिले पाऊल म्हणून आम्ही आत्ताच काय करू शकतो?

झाडी निवडा आणि एक संपूर्ण हंगाम काहीही न बांधता तेथे प्रयोग करा. सतरंज्या, कंदिलासारखे चार दिवे, मागे बांबूच्या तट्ट्यांची भिंत आणि पन्नास प्रेक्षक एवढे पुरते. कोणत्या झाडाखाली माणसे आपोआप बसतात, नट नकळत कोठे सरकतो, कोणत्या बाजूने कुत्र्यांचे भुंकणे येते आणि दव कधी पडू लागते, हे चार महिन्यांत कळते. ते सर्व झाडांच्या नकाशावर लिहून ठेवा आणि मग तो नकाशा घेऊन वास्तुरचनाकाराकडे जा.